तात्पुरते

जुन्या बाजारात बुधवारी तो वजनावर मिळाला.
साडेअकरा किलो. यासीनने काटा दाखवला,
वर म्हणाला, "टीव्ही आहे बाई, छोटा. लागत नाही."
मी मान डोलावली.
ऑसिलोस्कोप म्हटलं असतं तर भाव वाढला असता.

रिक्षात मांडीवर घेतला.
धनकवडीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला
आत काहीतरी सुटं खुळखुळत होतं
आणि मी मनात घोकत होते :
स्क्रू असू दे, काच नको.

स्क्रू होता.

झाकण काढलं की आधी वास घ्यायचा,
हे भोसरीला कॅलिब्रेशनमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
मीटरला हात लावू देण्याआधी.
ट्रान्सफॉर्मरचं जळकं वॉर्निश गोडसर,
फुटलेला कपॅसिटर सुकटासारखा.
इथे नुसती धूळ
आणि पिक्चर ट्यूबच्या मानेशी कोळ्याने मांडलेला संसार.
तो मी जुन्या ब्रशने हलवला, जरा अपराधी वाटून.

थेट सॉकेटला लावायचा नाही.
मध्ये शंभर वॉटचा दिवा, सिरीजमध्ये.
भगभगला तर आत शॉर्ट,
पेटून मंदावला तर पुढची बोलणी.
मंदावला.
व्हॉल्व्हच्या तारा एकेक करून तांबडल्या.
पडदा मात्र काळा, बंद दुकानाच्या काचेसारखा.

डावा हात पाठीमागे.
बावीस वर्षं नोकरी केली ती या एका सवयीवर :
दोन हजार व्होल्ट एका हातातून दुसऱ्यात जायला निघाले
तर वाटेत छाती लागते.

शंभराच्या जागी एकाहत्तर व्होल्ट.

मॅन्युअल नाही. कंपनीच राहिली नाही,
तिथे आता गाड्यांचं गोदाम आहे म्हणतात.
गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी लाईट घालवली,
तेव्हा खिडकीशी बसून, तार तार धरून
मी त्याचं सर्किट उलटं उतरवून घेतलं
लग्नपत्रिकेच्या पाठीमागे.

आणि तिथे तो सापडला : जोडरोध.
एकाच्या जागी दोन, पाय पिळून एकत्र बांधलेले,
वर कापडी नळी.
खाली पत्र्यावर पेन्सिलीने,
'तात्पुरते. तुपे. १४/३/७९.'

हाच तो, म्हटलं. कटर उचलला.
अशा उपऱ्या जोडण्यांनीच मशिनं मरतात,
हे मी किती पोरांना ऐकवलंय.
तरी एक पाय सोडवून मोजलं, निव्वळ शिस्त म्हणून.
हवे होते बावीस किलोओहम.
त्या वर्षी बाजारात नसणार,
म्हणून तुपेंनी तेहतीस आणि अडुसष्ट शेजारी शेजारी बसवले.
मीटर म्हणाला बावीस पूर्णांक दोन.
सोल्डर अजून साबुदाण्यासारखं,
ना तडा, ना डाग.

मी पाय परत टाकला. तुपेंच्या इतका गोल नाही जमला.

दोषी निघाला कंपनीचाच कपॅसिटर,
चकचकीत डबा, शिक्का, हमी,
आतून ठणठणीत कोरडा.
नवा पासोड्या विठोबाला मिळाला.
जुना बाटलीएवढा, हा अंगठ्याएवढा,
जागा इतकी उरली की पट्टी वळवून बांधावा लागला.
पट्टीवर काय लिहावं सुचेना.
तारीख लिहिली.

तळमजल्यावरचा निहार आला होता.
"चालू झाल्यावर काय दिसतं?"
"रेघ."
"नुसती रेघ?"
आणि ती उमटलीच तेवढ्यात,
हिरवी, बारीक, आधी थरथरती मग सरळ.
तो काही बोलला नाही. मीही.

मग त्याला प्रोबच्या टोकाला बोट लावायला सांगितलं.
रेघ उसळली, लाटा झाली.
"हे काय?"
"घरातली वीज. भिंतीतून येते, तुझ्या अंगात शिरते.
सेकंदाला पन्नास वेळा."
त्याने बोट काढलं, लावलं, काढलं, लावलं.
"मला तर काहीच कळत नाहीये," म्हणाला, स्वतःच्या हाताकडे बघत.

डाव्या कडेला रेघ अजून जरा विस्कटते.
ते बघू, पुढच्या आठवड्यात,
गुरुवार सोडून.